पावती कोणाच्या नावाची

ओमानमधल्या सोहारमध्ये एक दुकानदार होता. मूळचा कऱ्हाडकडचा. बातिनाच्या किनारपट्टीवर खजुराच्या आणि लिंबाच्या बागा आहेत. बागांना विहिरीचं पाणी लागतं आणि पाणी उपसायला पंप लागतो. दुकानदार पंप विकायचा. पंपाबरोबर पाइप, केबल, व्हॉल्व्ह, सील, बेअरिंग. दुकान फार मोठं नव्हतं. पण इथून नेलेला पंप बिघडला तर बदलून मिळतो, एवढं नाव त्याने कमावलं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. परदेशातून आलेल्या प्रत्येक मालाचे कागद त्या पेटीत जात. बिल, पॅकिंग लिस्ट, जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग, माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला. आणि सगळ्यांत वर बयान. ओमानमध्ये कस्टमचं काम रॉयल ओमान पोलिसांकडे आहे आणि आयातीचा अर्ज ‘बयान’ नावाच्या संगणक यंत्रणेतून भरतात. त्यातून निघणाऱ्या कागदालाही बाजारात बयानच म्हणतात.

पूर्वी दुकानदाराचा माल मस्कतला उतरायचा. तो सोडवायला दोनशे किलोमीटर जाऊन मत्रहच्या बंदरावर उन्हात ताटकळावं लागे. 2014 साली मस्कतच्या या सुलतान काबूस बंदरातली मालवाहतूक सोहारला आली आणि त्याचा तो हेलपाटा वाचला. तरी बंदरावर तो स्वतः जायचाच. बरोबर त्याचा जुना क्लिअरिंग एजंट असायचा. हा एजंट ओमानी म्हातारा. त्याला हिंदी चांगली येत होती. दोघं कागदावर कागद ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत.

दुकानदाराला मूलबाळ नव्हतं. त्याने बहिणीच्या मुलाला बोलावून घेतलं.

भाचा हुशार होता. महिन्याभरात त्याला कोणत्या विहिरीला किती हॉर्सपॉवर लागते ते कळायला लागलं. गिऱ्हाइकाशी तो गोड बोलायचा. एकच गोष्ट त्याला सहन होत नव्हती. मामा बंदरावर घालवत होते ते दिवस. जहाज लागलं की मामा दुकान सोडून निघत. आज डिलिव्हरी ऑर्डर, उद्या ड्युटी, परवा गाडी. तोवर दुकानात गिऱ्हाईक ताटकळत बसे.

एके दिवशी भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही ही धावपळ कशाला करता? हल्ली चीनवाले घरपोच देतात. जहाजभाडं, ड्युटी, टॅक्स, गाडी, सगळं त्यांचं. एकच भाव. आपण फक्त शटर उघडायचं.”

“त्याला डीडीपी म्हणतात,” मामा म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे?”

“ऐकून आहे.”

मामा ऐकूनच नव्हते, त्यांनी नियमही वाचले होते. माल विकणारा कुठपर्यंत जबाबदार आणि घेणारा कुठून पुढे, याचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने 1936 साली पहिल्यांदा छापले. सध्या चालतात ते 2020 चे. त्यांत 11 अटी आहेत. एका टोकाच्या अटीत विकणारा आपल्या कारखान्याच्या दारात माल दाखवतो आणि हात झटकतो. दुसऱ्या टोकाला डीडीपी. त्यात घेणाऱ्याच्या दारापर्यंतचा सगळा खर्च, सगळा धोका आणि घेणाऱ्याच्या देशातला करही विकणाऱ्याने सोसायचा. पण भाच्याला यातलं काही सांगण्याऐवजी मामा एवढंच म्हणाले, “करून बघ. आधी लहान काहीतरी मागव.”

भाच्याने सीलचा एक खोका मागवला. कुरिअरने, डीडीपीने. आठवड्याच्या आत खोका दुकानात हजर. कुरिअरवाल्याने एक पैसाही मागितला नाही. खोक्यावर प्लास्टिकची थैली चिकटवलेली होती आणि आत काही कागद होते. भाच्याने सील फळीवर लावले आणि खोका थैलीसकट कचऱ्यात टाकला.

“बघितलंत मामा?”

“बघितलं,” मामा म्हणाले.

दुसऱ्या वेळी त्याने दहा पंप मागवले. एक लाकडी पॅलेट होतं. गाडी दुकानासमोर येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि बाजूला सावलीत जाऊन बसला.

“उतरव की,” भाचा म्हणाला.

“उतरवणं तुमचं,” ड्रायव्हर म्हणाला. “माझं काम दारापर्यंत.”

भाच्याने चीनला फोन लावला. तिकडून एका मुलीने फार नम्रपणे सांगितलं की ड्रायव्हर बरोबर बोलतो आहे. डीडीपीत माल गाडीवरून उतरवायला तयार अशा स्थितीत दारात आणून द्यायचा असतो. उतरवून घेणं घेणाऱ्याकडे. भाच्याने शेजारच्या टायरवाल्याची दोन माणसं आणि फोर्कलिफ्ट मागून आणली. पंधरा रियाल गेले. मामा काउंटरवर बसून हसत होते. भाच्याने पंधरा रियाल वहीत लिहिले आणि म्हणाला, “एवढंच ना. पुढच्या वेळी माणसं आधीच सांगून ठेवू.”

मग मामांना घरच्या लग्नाला कऱ्हाडला जावं लागलं. उन्हाळा तोंडावर होता. पंपांना मागणी वाढणार होती. जाताना मामा म्हणाले, “ऑर्डर द्यायची तर दे. दुकान तुझ्यावर आहे.”

भाच्याने पूर्ण कंटेनर सांगितला. शंभर पंप, एका पंपाला 115 रियाल, ड्युटी-टॅक्ससकट सोहारच्या दुकानात पोच. पैसे आगाऊ.

चीनचा माल सोहारला नवा नाही. दहाव्या शतकातल्या मुकद्दसी या अरब भूगोलकाराने सोहारला चीनचा उंबरा म्हटलं होतं. त्या काळी व्यापारी मालाबरोबर स्वतः जहाजावर चढायचा, नाहीतर बंदरावर आपला माणूस बसवायचा. भाच्याचा कंटेनर निंगबोहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर कोणी नव्हतं, आणि सोहारला त्याची वाट बघणारा माणूस कोण आहे हे भाच्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंही नाही. त्याला फक्त तारीख हवी होती.

तारीख पाळली गेली. कंटेनर आला. या वेळी माणसं आधीच उभी होती. दोन तासांत पंप आत गेले. पंप चांगले होते. 140 रियाल आणि वर 5 टक्के व्हॅटचे सात, असा भाव लावला. रांग लागली. मामा परत आले तेव्हा गोदामात जेमतेम वीस पंप उरले होते.

मामांनी पंप बघितले, विक्रीची वही बघितली, भाच्याची पाठ थोपटली. मग मागच्या खोलीत गेले.

“या मालाचं पेटीत काय ठेवलंस?”

भाच्याने एक कागद काढून दिला. विकणाऱ्याचं बिल. शंभर पंप, डीडीपी सोहार, 11,500 रियाल, पैसे मिळाले.

“एवढंच?”

“एवढंच. बाकीचं सगळं त्यांचं होतं ना.”

मामांनी कागदाची घडी केली, पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

तिमाही संपली. हिशेबनीस आला. तो केरळचा. बोलायचा कमी, विचारायचा फार. ओमानमध्ये 16 एप्रिल 2021 पासून व्हॅट लागू आहे. ज्याची वर्षाची उलाढाल 38,500 रियालच्या वर जाते त्याला नोंदणी सक्तीची आहे. विक्रीवर गिऱ्हाइकाकडून घेतलेला व्हॅट सरकारला द्यायचा, आणि माल आणताना आपण भरलेला व्हॅट त्यातून वजा करायचा. हिशेब साधा आहे.

“ऐंशी पंपांवर पाचशे साठ रियाल व्हॅट गोळा झाला,” हिशेबनीस म्हणाला. “आता वजावट. बयान द्या.”

“बयान नाही. पण टॅक्स भरलेला आहे. 115 मध्ये सगळं आलं.”

“कोणी भरला?”

“त्यांनी.”

“कोणाच्या नावाने?”

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, “मागवून देतो.”

चीनच्या मुलीने दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला. कागद वाकडा, कोपरा अंगठ्याने झाकलेला. भाच्याने फोटो मोठा करून बघितला. आयात करणाऱ्याच्या जागी सोहारमधल्याच एका कंपनीचं नाव होतं. भाच्याने ते कधी ऐकलेलं नव्हतं. मालाच्या जागी पंप लिहिलेलं नव्हतं. मशिनरीचे सुटे भाग, असं लिहिलं होतं. आणि किंमत 2,500 रियाल.

हिशेबनिसाने फोटो बघितला आणि फोन परत दिला. “यात तुमचं दुकान कुठे आहे?” असं म्हणून त्याने वजावटीच्या रकान्यात शून्य घातलं. पाचशे साठच्या पाचशे साठ रियाल भरावे लागले.

भाचा त्या कंपनीचा पत्ता शोधत गेला. एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर शटर होतं. शटर बंद. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. शिंपी एका दिशदाशाला, ओमानी पायघोळ झग्याला, इस्त्री करत होता. त्याने मान वर न करताच सांगितलं, “दोन महिने उघडलेलं नाही. तुमच्याआधी तिघं विचारून गेले.”

रात्री भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसला. त्याने चीनला पुन्हा लिहिलं, भावाची फोड करून द्या. फोड आली. पंपांची जहाजभाडं-विम्यासकट सोहार बंदरापर्यंतची किंमत 10,000. ड्युटी आणि व्हॅट 1,025. क्लिअरिंग, गाडी आणि त्यांची मेहनत 475. बेरीज बरोबर 11,500.

आता 1,025 बरोबर होते का? बरोबर होते. आखाती देशांत बहुतेक मालावर 5 टक्के ड्युटी आहे. दहा हजारांवर पाचशे. मग ड्युटी मिळवून झालेल्या 10,500 वर 5 टक्के व्हॅट, म्हणजे 525. एकूण 1,025. भाच्याकडून तेवढे घेतले गेले होते.

पण बयानवर किंमत 2,500 होती. त्यावर ड्युटी 125 आणि व्हॅट 131 रियाल 250 बैसा. एकूण 256 रियाल 250 बैसा. भाच्याने पूर्ण कर मोजून दिला होता आणि सरकारी खात्यात त्याचा चौथा हिस्सा पोचला होता. मधले 768 रियाल 750 बैसा कुठेतरी राहिले. चीनमध्ये राहिले की त्या बंद शटरच्या आत, ते कधीच कळलं नाही.

सकाळी भाच्याने सगळं मामांना सांगितलं. एकही आकडा लपवला नाही. शेवटी म्हणाला, “पण मामा, बहुतेक माल तर विकला गेला. पैसे आले. आता हे उकरायचं कशाला? कोणाला कळणार आहे?”

“तू म्हणशील तसं,” मामा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

त्याच आठवड्यात एका मोठ्या बागेचा मॅनेजर दुकानात आला. त्याला चाळीस पंप हवे होते. गोदामातले उरलेले वीस लगेच आणि वीस नंतर. त्याने भावात घासाघीस केली नाही. भाच्याने चहा मागवला. बिल करायला घेतलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “बिलाबरोबर बयानची प्रत आणि उत्पादनाच्या देशाचा दाखला जोडा. आमच्या हेड ऑफिसचा नियम आहे.”

भाच्याचा हात थांबला.

“बयान… ते जरा… पुरवठादाराकडे आहे.”

“मग मागवा. मी उद्या येतो.”

मॅनेजर दुसऱ्या दिवशी आला, कागद नाही म्हटल्यावर नमस्कार करून निघाला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. समोरच्या दुकानातला पंप दहा रियालने महाग होता आणि त्याला आवाजही जास्त होता. चाळीस पंपांची ऑर्डर तिकडे गेली. भाचा काउंटरवरून बघत होता.

संध्याकाळी त्याने पेटी उघडली. जुने कागद एकेक करून बाहेर काढले. प्रत्येक बयानवर दुकानाचं नाव होतं, दुकानाचा सीआर, म्हणजे व्यापारी नोंदणीचा, नंबर होता, मालाचं खरं वर्णन होतं. मग त्याला तो सीलचा खोका आठवला. कुरिअरवाल्यानेसुद्धा दुकानाच्या नावाने कागद काढला असणार. तो त्या थैलीत होता आणि त्याने स्वतः तो कचऱ्यात टाकला होता.

“मामा,” तो म्हणाला, “उद्या कस्टममध्ये जाऊ.”

“कोणी बोलावलंय?”

“कोणी नाही. आपण जाऊ.”

मामांनी म्हाताऱ्या एजंटला फोन लावला. तिघं मिळून गेले. आत एक तरुण अधिकारी होता. एजंटने अरबीत सगळं सांगितलं. बिल दाखवलं, फोटो दाखवला, बँकेतून चीनला गेलेल्या पैशांचा कागद दाखवला. अधिकाऱ्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग भाच्याकडे बघून विचारलं, “हा माल तुमचा होता?”

“हो.”

“पैसे तुम्ही दिले?”

“हो.”

“विकला तुम्ही?”

“हो.”

“मग या कागदावर तुम्ही का नाही?”

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. एजंट काहीतरी बोलायला लागला, पण अधिकाऱ्याने त्याला हाताने थांबवलं. तो उत्तराची वाट बघत राहिला. शेवटी भाचा म्हणाला, “मी विचारलं नाही.” अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

फरकाचा कर भरावा लागला. वर दंड झाला. आपणहून आले म्हणून दंड थोडक्यात आटोपला, असं एजंट म्हणाला. तरी भाच्याने एकच कर दोनदा भरला, आणि दुसऱ्यांदा भरताना दंडासकट. उन्हाळ्यातल्या नफ्याचा मोठा भाग त्या एका सकाळी गेला.

परतताना तिघं चहाच्या टपरीवर थांबले. गाडीतच करक चहा आला. भाचा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “मामा, यापुढे डीडीपीचं नाव घ्यायचं नाही.”

एजंट हसला. “डीडीपीने काय केलंय? अट चांगली आहे. ती कोण पाळतो ते बघायचं.” मग त्याने एका टॉवेलवाल्याची गोष्ट सांगितली.

सोलापूरचा एक टॉवेलवाला होता. माणूस सरळ होता. त्याने ओमानमधल्या एका गिऱ्हाइकाला डीडीपी भाव दिला. भाव देताना इथे फक्त ड्युटी होती, व्हॅट नव्हता. व्हॅटचा कायदा 2020 च्या ऑक्टोबरात जाहीर झाला, पण सोलापुरात मस्कतचं गॅझेट कोण वाचणार? टॉवेल समुद्रात असताना 16 एप्रिल उजाडला. माल सोहारला लागला तेव्हा ड्युटीशिवाय आणखी 5 टक्के व्हॅट. गिऱ्हाइकाने करारावर बोट ठेवलं, कर विकणाऱ्याने भरायचा. टॉवेलवाल्याने मुकाट्याने भरला. टॉवेलात सुटणारा सगळा नफा त्यात गेला.

“बिचारा,” भाचा म्हणाला.

“थांब, गोष्ट संपलेली नाही,” एजंट म्हणाला. “टॉवेलवाल्याचा ओमानमध्ये सीआर नव्हता. परदेशातल्या विकणाऱ्याला इथे आयात करायची तर सीआर लागतो. म्हणून बयान गिऱ्हाइकाच्याच नावाने निघालं. तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाने आपला व्हॅट भरताना त्या बयानवरची रक्कम वजा करून घेतली. भरली सोलापूरवाल्याने, परत आली इथल्या माणसाला. कागद ज्याच्या नावाचा त्याला.”

भाच्याने चहाचा कप खाली ठेवला.

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “दुसऱ्या देशातला कर किती लागेल हे विकणाऱ्याच्या हातात नसतं. तरी तू त्याच्याकडून पक्का भाव मागतोस. मग जो सावध असतो तो आधीच भाव चढवतो, जो भोळा असतो तो बुडतो, आणि जो लबाड असतो तो करातच हात मारतो. तुझ्या वाट्याला कोण आला ते तुला घरपोच गाडी आली तरी दिसत नाही.”

पुढच्या हंगामाला भाच्याने पुन्हा शंभर पंप सांगितले. या वेळी दुसऱ्या कारखान्याला. त्याने लिहिलं, माल दुकानाच्या दारापर्यंत तुम्ही आणा, जहाज आणि गाडी तुमची. आयातीचा अर्ज आमच्या नावाने, आमच्या सीआरवर, आमचा एजंट भरेल. ड्युटी आणि व्हॅट आम्ही भरू. त्या 11 अटींमध्ये यालाही नाव आहे, डीएपी. कारखान्याने उत्तर दिलं, डीडीपी घ्या, तुम्हाला सोपं पडेल, सगळे तेच घेतात. भाच्याने पुन्हा तेच लिहिलं. कारखाना कबूल झाला. एका पंपाला बंदरापर्यंत 100 रियाल, गाडीचे तीन वेगळे.

काम सोपं नव्हतं. भाच्याने माल निघण्याआधीच सगळ्या कागदांच्या प्रती मागवल्या आणि एजंटच्या शेजारी बसून ताडून बघितल्या. पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन जुळत नव्हतं. जहाज समुद्रात असतानाच दुरुस्ती करून घेतली. ती राहिली असती तर कंटेनर बंदरावर अडकला असता, जहाज कंपनीने दिलेले फुकटचे दिवस संपले असते आणि रोजचं डेमरेज चढलं असतं. ते भाच्यालाच भरावं लागलं असतं, कारण या अटीत माल सोडवायला उशीर झाला तर ती घेणाऱ्याची जबाबदारी. त्याने डिलिव्हरी ऑर्डर घेतली. 500 रियाल ड्युटी भरली, 525 व्हॅट भरला. एजंटला साठ रियाल दिले. दोन दिवस दुकान मामांनी सांभाळलं. गिऱ्हाईक थोडं ताटकळलं.

सगळं मिळून 11,385 रियाल लागले. तिमाहीला हिशेबनीस आला आणि त्याने हात पुढे केला. भाच्याने बयान दिलं. शंभर पंपांवर गोळा झालेल्या सातशेतून 525 वजा झाले. उरलेले 175 भरले. म्हणजे शंभर पंप 10,860 ला पडले. आदल्या वर्षी ते 11,500 ला पडले होते, कस्टममध्ये दुसऱ्यांदा भरलेले पैसे आणि दंड सोडून.

मोठ्या बागेचा मॅनेजर परत आला नाही. तो समोरच्या दुकानाचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

सील आणि बेअरिंगचे लहान खोके अजून कुरिअरने डीडीपीनेच येतात. मामांची त्याला हरकत नाही. दोनशे रियालच्या खोक्यासाठी बंदरावर दिवस घालवणं त्यांनाही वेडेपणा वाटतो. फक्त भाचा आता खोका फोडण्याआधी थैली फाडतो आणि आतला कागद वाचतो. एकदा त्यावर दुकानाच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. त्याने कुरिअरवाल्याला दारात उभं केलं आणि दुरुस्ती लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. कुरिअरवाला वैतागला. मामा काउंटरवर बसून बघत होते, पण या वेळी ते हसले नाहीत.

गोष्ट एवढीच. कर कोणीही भरो, माल ज्याचा त्याचंच नाव कागदावर असायला हवं. तुम्ही परदेशातून काही मागवणार असाल आणि समोरचा म्हणाला, ड्युटीसकट घरपोच देतो, तर खुशाल घ्या. पण भाव विचारण्याआधी विचारा की आयातीचा कागद कोणाच्या नावाने निघणार आणि त्यावर किंमत किती लिहिणार. उत्तर लेखी घ्या. आणि तो कागद हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.